परक्या रानातली वाट : 'किंग्डम ट्रेल्स'ची तीस वर्षांची वाटचाल

श्रावणात अंजनेरीच्या पायथ्याला भाताची खाचरे काठोकाठ भरलेली असतात. दोन खाचरांमधला बांध जेमतेम हातभर रुंद, वर गवत, कडेला खेकड्यांची बिळे. आम्ही पाच जण त्याच बांधावरून सायकली दामटत गेलो. परत येताना पाहतो तो टायरांच्या खाचांनी बांधाचा कोपरा दबला होता आणि तिथून पाणी खालच्या खाचरात उतरत होते. एक म्हातारे शेतकरी फावड्याने तिथे माती लावत होते. "भाऊ, बांध फुटला तर खाचरात पाणी राहत नाही. इथं उतरून चालत जात जा," एवढेच ते म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात त्या वाटेच्या तोंडाशी काटेरी तार आली. चूक आमचीच होती.

दुसऱ्याच्या जमिनीतली वाट टिकवायची कशी, हा प्रश्न त्या तारेपाशी पडला. याच प्रश्नावर तीस वर्षे काम करणाऱ्या एका संस्थेची वाटचाल नाशिकच्या सायकलस्वारांपुढे ठेवावीशी वाटते.

अमेरिकेच्या ईशान्येला, कॅनडाच्या सीमेला लागून व्हर्मॉंट राज्य आहे. त्यातल्या तीन जिल्ह्यांच्या डोंगराळ मुलखाला 'नॉर्थईस्ट किंग्डम' म्हणतात. सिनेटर जॉर्ज एकेन यांनी १९४९ मध्ये हे नाव रूढ केले. ईस्ट बर्क हे तिथले छोटे गाव. हिवाळ्यात बर्क डोंगरावर स्कीइंगला पाहुणे यायचे आणि बर्फ वितळले की गाव ओस पडायचे. उन्हाळ्यातही चार माणसे यावीत म्हणून गावातले दुकानदार, निवासगृहे चालवणारे आणि जमीनमालक एकत्र आले आणि १९९४ मध्ये 'किंग्डम ट्रेल्स असोसिएशन' ही ना-नफा संस्था उभी राहिली.

माउंटन बायकिंग तेव्हा तसे तरुणच होते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात जुन्या जाड टायरांच्या सायकली डोंगरउतारावरून शर्यतीत सुटल्या, तिथून या खेळाला वेग आला. पाठोपाठ वाटा बंद होऊ लागल्या. त्या खुल्या राहाव्यात म्हणून १९८८ मध्ये 'इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन' स्थापन झाली. तिथे वाद मुख्यतः सरकारी जंगलांचा होता. ईस्ट बर्कमध्ये मात्र वाटा जायच्या त्या लोकांच्या कुरणांतून आणि मेपलच्या रानांतून. एकेका घरी जाऊन परवानगी मिळवायची, हेच संस्थेचे पहिले काम ठरले.

व्यवस्था साधी होती आणि आजही तीच आहे. सायकलस्वार संस्थेचा पास घेतो, तो पैसा वाटांच्या डागडुजीला जातो. जमीनमालक भाडे घेत नाही. राज्याच्या कायद्याचाही आधार आहे : मोबदला न घेता आपली जमीन फिरायला खुली करणाऱ्या मालकावर, येणाऱ्याला इजा झाली तरी सहसा जबाबदारी येत नाही. उद्या कोणी पडला तर माझ्या गळ्यात नको, ही मालकाची सगळ्यात मोठी धास्ती त्यामुळे कमी होते.

वसंतात बर्फ वितळून जमीन चिखलाची होते, तेव्हा संस्था वाटा बंदच ठेवते. ओल्या मातीत चाकाची चाकोरी पडली की पुढचे पाणी तिच्यातूनच धावते आणि वाटेची घळ होते. आपल्याकडे आषाढात काळ्या मातीत नेमके हेच घडते.

सुमारे शंभर जमीनमालकांच्या भरवशावर वाटांचे जाळे १६० किलोमीटरच्या पुढे गेले. दोन हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावाला वर्षाकाठी लाखाहून अधिक भेटी होऊ लागल्या. दुकाने चालू लागली, तरुणांना काम मिळाले. पण अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागू लागली, गर्दी झाली, काहींची वागणूक उद्धट झाली. डिसेंबर २०१९ मध्ये डार्लिंग हिलवरच्या तीन शेजारी जमीनमालकांनी आपल्या रानात सायकल बंद केली. 'साइडवाइंडर'सारखी दूरवर नाव असलेली वाट त्यातच गेली.

संस्थेला कोर्टात जाता येण्यासारखे काही नव्हते, कारण हक्क कधी नव्हताच. तिने मालकांचा निर्णय मान्य केला आणि आपला कारभार तपासला. गावाला आणि वाटांना किती माणसे झेपतात, याचा अभ्यास हाती घेतला. गाड्या लावण्याची सोय आणि वाटांवरची शिस्त यांवर भर दिला. 'कृतज्ञतेने चालवा' हा संदेश सायकलस्वारांपर्यंत नेला. संस्था टिकली आणि इतर मालकांचा विश्वासही.

आपल्याकडचा कायदा याहून वेगळे सांगत नाही. गावनकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेघेने आणि पायवाट तुटक एकेरी रेघेने दाखवलेली असते. शेताकडे जाणारी वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदार ती मोकळी करून देतात. शेताला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. या तरतुदी कसणाऱ्यासाठी आहेत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षे हक्काने आणि अखंड वापरलेल्या वाटेवर वहिवाट सांगता येते; पण मालकाच्या परवानगीने कितीही वर्षे गेलो तरी तिचा हक्क होत नाही, आणि दिलेली परवानगी मालक सहसा मागे घेऊ शकतो. हौशी सायकलस्वाराच्या हाती राहते ती मालकाची मर्जी, आणि मर्जी राखणे हेच आपले काम आहे.

हे आपल्याला नवे नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी निघते, हजारो पावले गावोगावच्या शिवारांतून जातात. फेरीला जाणारा माणूस पिकात पाय घालत नाही, म्हणून फेरीला कोणी अडवत नाही.

यंदा पेरणीआधी आम्ही फावडी घेऊन त्या बाबांकडे गेलो. दिवसभर बांधाला माती लावली. निघताना परवानगी विचारली. त्यांनी आम्हाला खाचरे सोडून वरच्या अंगाला, मुरमाच्या कडेकडेने जाणारी वाट दाखवली. तारेच्या टोकाला दोरीचा फास करून दिला. आत शिरले की तो पुन्हा खुंटाला अडकवायचा.

"पण आत्ता नाही," बाबा म्हणाले. "दिवाळीनंतर या. भात निघालं की रान मोकळं."