ताप १०२, ऊन ४२ : तापमानाच्या तीन श्रेणी

घरातील तापमापकावर १०२ हा आकडा दिसला की आपण डॉक्टरांकडे धाव घेतो, आणि नागपूरचा पारा ४२ वर गेल्याचे वाचले की उन्हाळा कडक असल्याचे म्हणतो. दोन्ही ठिकाणी तापमानच मोजलेले असते. मात्र पहिला आकडा फॅरनहाइट श्रेणीतील, तर दुसरा सेल्सियस श्रेणीतील असतो. या श्रेणींत फरक दोनच बाबींचा आहे : शून्य कोठे मानायचे आणि एक अंश केवढा धरायचा.

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांनी १७२४ साली आपली श्रेणी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणाचे तापमान त्यांनी शून्य मानले, बर्फ व पाणी यांच्या मिश्रणाचे ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराचे ९६. पुढे पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ ठरवून ही श्रेणी किंचित बदलण्यात आली. स्वीडनचे खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सियस यांनी १७४२ साली पाण्याचा गोठणबिंदू व उत्कलनबिंदू यांच्यामधील अंतराचे १०० भाग केले. गंमत म्हणजे त्यांच्या मूळ श्रेणीत पाणी शून्यावर उकळत असे आणि १००वर गोठत असे! ही उलटी मांडणी नंतर सुलट करण्यात आली.

पाणी गोठण्यापासून ते उकळण्यापर्यंत सेल्सियस श्रेणीत १००, तर फॅरनहाइट श्रेणीत १८० अंश होतात. म्हणजेच सेल्सियसचे ५ अंश फॅरनहाइटच्या ९ अंशांबरोबर असतात. म्हणून सेल्सियसच्या आकड्याला ९ने गुणून ५ने भागावे आणि त्यात ३२ मिळवावेत. उलट रूपांतर करताना आधी ३२ वजा करावेत, मग ५ने गुणून ९ने भागावे. तोंडी हिशेबासाठी सोपी युक्ती अशी : सेल्सियसचा आकडा दुप्पट करा, आलेल्या संख्येतून तिचा दहावा भाग वजा करा आणि ३२ मिळवा. ४०ची दुप्पट ८०, त्यातून ८ गेले ७२, अधिक ३२ म्हणजे १०४. उणे ४० या एकाच ठिकाणी दोन्ही श्रेणींचे आकडे जुळतात.

खरी गफलत होते ती तापमानातील फरकाचे रूपांतर करताना. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सियस असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असेल, तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते. ही ४.५ अंशांची वाढ फॅरनहाइटमध्ये ८.१ अंश होते, ४०.१ नव्हे. फरक काढताना शून्याचे स्थान आपोआप वगळले जाते, त्यामुळे ३२ मिळवायचे नसतात. २०१५च्या पॅरिस करारातील दीड अंशाची मर्यादाही याच नियमाने २.७ अंश फॅरनहाइट होते.

मग ४० अंशांचा दिवस २० अंशांच्या दिवसापेक्षा दुप्पट उष्ण म्हणायचा का? नाही, कारण सेल्सियसचे शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे. विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८४८ साली निरपेक्ष श्रेणीची कल्पना मांडली. तिचे शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सियसला असते, त्याखाली तापमान असूच शकत नाही. केल्व्हिनमध्ये हे दोन दिवस २९३.१५ आणि ३१३.१५ ठरतात, म्हणजे वाढ जेमतेम सात टक्क्यांची. या श्रेणीत ‘अंश’ हा शब्द वापरत नाहीत, नुसते ‘केल्व्हिन’ म्हणतात.

शरीराच्या ‘सामान्य’ तापमानाचा ९८.६ हा आकडाही रूपांतरातूनच आला आहे. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ साली ३७ अंश सेल्सियस ही सरासरी मांडली, तिचेच हे फॅरनहाइट रूप. दशांशामुळे तो फार काटेकोर भासतो. प्रत्यक्षात निरोगी माणसाचे तापमानही दिवसभरात थोडे खालीवर होते.

अनेक डिजिटल तापमापकांत दोन्ही श्रेणींची सोय असते. शंभरीच्या आकड्यांची सवय असलेल्याला ३८.९ हा आकडा किरकोळ वाटेल. पण तो १०२चा ताप आहे. म्हणून पडद्यावर ‘सी’ आहे की ‘एफ’ हे आधी पाहावे आणि डॉक्टरांना दूरध्वनीवरून ताप कळवताना आकड्याबरोबर श्रेणीही सांगावी.