आठ सेकंदांचा ऑर्केस्ट्रा

१९६२ साली बिल फ्रॅन्सन नावाचा एक विक्रेता कॅलिफोर्नियाहून इंग्लंडला आला. त्याच्यासोबत दोन पेटीवजा वाद्यं होती आणि त्याला हुबेहूब एकसारखी सत्तर टेप-हेड बनवून देणारा कारखाना हवा होता. बर्मिंगहॅमच्या ब्रॅडमॅटिक कंपनीतल्या ब्रॅडली बंधूंनी काम घेतलं. वाद्याची मूळ कल्पना हॅरी चेंबरलिन या अमेरिकी माणसाची आहे, हे मात्र फ्रॅन्सनने त्यांना सांगितलं नव्हतं. पुढे चेंबरलिनला सुगावा लागला, वाद झाला, तडजोड झाली. तोवर १९६३ मध्ये 'मेलोट्रॉन' बाजारात आलंही होतं. ज्याच्या डिजिटल नकला आज ढिगाने मिळतात, ते वाद्य मुळात असं परक्याच्या कल्पनेवर उभं राहिलेलं.

आतली रचना सरळ आहे. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपची एक स्वतंत्र फीत. त्या फितीवर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गायकवृंदाचा एकच सूर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत हेडवर टेकते, सतत फिरणारा दांडा तिला ओढतो आणि आवाज येतो. सुमारे आठ सेकंदांत फीत संपते. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचते. लांब स्वर हवा असेल तर वादकाने बोटं बदलत राहायचं, दुसरा इलाज नाही.

खरा ऑर्केस्ट्रा परवडत नाही त्यांची सोय, म्हणून हे वाद्य विकलं गेलं. पोटावर पाय येईल म्हणून ब्रिटनमधली वादकांची संघटना धास्तावली. ती भीती फारशी खरी ठरली नाही, कारण मेलोट्रॉन ऑर्केस्ट्रासारखं वाजतच नव्हतं. एकाच मोटरवर सगळ्या फिती चालत. भरगच्च कॉर्ड दाबला की मोटरवर ताण येई आणि बॅटरी उतरलेल्या कॅसेट-प्लेअरसारखा सूर किंचित खाली घसरे. फितींची सरसर वेगळीच.

ही खोडच लोकांना भावली. मूडी ब्लूज या बँडचा माईक पिंडर आधी मेलोट्रॉनच्याच कारखान्यात काम करायचा, त्यामुळे यंत्राचे आतले रुसवेफुगवे त्याला ठाऊक होते. त्यानेच बीटल्सना या वाद्याकडे वळवलं. १९६७ च्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'च्या सुरुवातीला ऐकू येणारी बासरी मेलोट्रॉनची आहे. किंग क्रिमझन आणि जेनेसिस या बँडनी त्याच्या तंतुवाद्यांची करडी भिंत उभी केली. १९७० चं एम४०० हे मॉडेल त्यामानाने सुटसुटीत होतं: पस्तीस पट्ट्या, प्रत्येक फितीवर तीन आवाज आणि बदलता येणारी फितींची चौकट. पुढे सिंथेसायझर स्वस्त झाले. 'मेलोट्रॉन' हे नावही हातचं गेल्यावर ब्रॅडलींची स्ट्रीटली इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काही काळ 'नोव्हाट्रॉन' नावाने वाद्यं विकत राहिली आणि १९८६ मध्ये बंद पडली.

डिजिटल पर्याय आले ते या पोकळीत. १९९३ च्या ई-म्यूच्या 'व्हिंटेज कीज' या पेटीत मेलोट्रॉनचे आवाज होते. त्या काळातल्या अशा पेट्यांत मेमरी तुटपुंजी असे. म्हणून आवाजाचा लहानसा तुकडा घेऊन तोच पुन्हापुन्हा फिरवत. स्वर हवा तितका लांबे, पण आठ सेकंदांत आवाजाचा पोत बदलत जातो तो त्यात गायब. ओळख पटायची, जीव वाटायचा नाही.

नंतर संगणकाची क्षमता वाढली आणि जीफोर्सच्या 'एम-ट्रॉन' या सॉफ्टवेअरने पूर्ण फिती जशाच्या तशा उतरवल्या. आठ सेकंदांनी गप्प होण्यासकट. जर्मनीच्या मॅनिकिनचं 'मेमोट्रॉन' आलं, मग २०१० मध्ये स्वीडनमध्ये मार्कुस रेश यांचं 'एम४०००डी'. त्यात फितींऐवजी २४ बिटची मुद्रणं आहेत आणि निवडलेल्या वाद्याचं चित्र छोट्या पडद्यावर दिसतं. २०१६ च्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या 'मेल९'ने तर कीबोर्डच काढून टाकला. गिटार लावा आणि पायाखालच्या पेडलमधून गायकवृंद ऐका.

यातलं सगळंच सारखं मोलाचं नाही. काही नकलांतलं सूर थरथरवणारं बटण दिसायला छान, पण मूळ यंत्रात थरथर वादकाच्या बोटांवर अवलंबून होती: किती पट्ट्या, किती जोरात, किती वेळ. बटणाची थरथर याची काहीच दखल घेत नाही. आठ सेकंदांची मर्यादा मात्र खरी कामाची, कारण ती वाजवण्याची पद्धतच बदलते. 'स्वर कायम धरा' अशी सोय देणारी नक्कल आवाज देते आणि त्याबरोबरची शिस्त काढून घेते.

दरम्यान ब्रॅडली बंधूंपैकी लेस यांचे पुत्र जॉन ब्रॅडली आणि मार्टिन स्मिथ यांनी स्ट्रीटलीचं नाव पुन्हा उभं केलं. जुन्या यंत्रांची दुरुस्ती, नव्या फिती आणि २००७ पासून फितींवरच चालणारं नवं एम४००० असं त्यांचं काम. त्यांच्याच फितींचा संग्रह जीफोर्सने 'एम-ट्रॉन प्रो'साठी सॉफ्टवेअरच्या रूपात विकायला काढला. म्हणजे त्या कारखान्याच्या फिती आता लॅपटॉपवरही वाजतात.