कळपाटावरील आडवा रकार

जुन्या कागदांची नक्कल आतां संगणकाच्या कळपाटावर होते. तींतील एका दोषाकडे आम्ही संग्राहकांचें लक्ष वेधितों. ‘आचार्यास’ दिलें म्हणजे गुरूस, ‘आचाऱ्यास’ दिलें म्हणजे स्वयंपाक्यास. भेद केवळ रकाराचा. र, हलन्त, य या क्रमानें रफार उमटतो. र च्या जागीं युनिकोडांतील ऱ (०९३१) घेतल्यास आडवा रकार. यास्तव जोडकळ दाबून र व य दिले असतां ऱ, हलन्त, य असाच क्रम उमटेल, अशी योजना कळपाटांत असावी. मोडीस युनिकोडांत २०१४ सालीं स्थान मिळालें; तथापि प्रसिद्धीकरितां नक्कल बहुधा बाळबोधींतच होते. वडनेरास बसून लिहिणारानें एवढी कळ चुकविली, तर इनामपत्रांतला गुरु स्वयंपाकी ठरेल.