खरेदीखत आणि वकिलाची फी

मंडईत वांगी घेताना माझी आई एकेक वांगं उलटंपालटं करून पाही. घर घेताना मात्र वडिलांनी एवढी तपासणी केली नाही. 1973 साली मंडईमागे, शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात त्यांनी तीन खोल्या विकत घेतल्या. वकिलांनी तीनशे रुपये फी सांगितली. दस्तलेखकाने पन्नास रुपयांत खरेदीखत लिहून दिले. अडीचशे रुपये वाचल्याचा आनंद घरात बरेच दिवस टिकला.

त्या अडीचशे रुपयांचे पुढे काय झाले, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पेशवाईत पुण्यातल्या घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद कोतवालाकडे होई. कोतवाल चावडी मंडईपासून हाकेच्या अंतरावर. दगडूशेठ गणपतीच्या उत्सवामुळे ते नाव अजून पुणेकरांच्या तोंडी आहे. जुन्या मोडी खरेदीखतांत चतुःसीमा असतात, साक्षी असतात आणि जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह घर दिल्याची ऐसपैस भाषा असते. जमिनीत पुरलेले धनसुद्धा घेणाऱ्याचे! पुढे कोणी हक्क सांगितल्यास त्याचे निवारण विकणाऱ्याने करावे, असेही लिहिलेले असते. ही हमी अर्थातच विकणारा जिवंत, सापडणारा आणि पैसेवाला असेल तोवरची.

इंग्रजी अमलात 1864 पासून नोंदणीचे कायदे आले; आजचा 1908 चा. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा मुंबई इलाख्यात 1893 पासून लागू झाला आणि शंभर रुपये वा अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदलेल्या दस्ताशिवाय होईनाशी झाली. इथेच आपल्याकडचा एक हट्टी गैरसमज जन्मला. रजिस्टर झाले म्हणजे घर पक्के आपले, असे लोक मानू लागले. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची ग्वाही देत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 साली रॉबर्ट टॉरेन्स यांनी जी पद्धत आणली, तिच्यात सरकारी नोंद हाच मालकीचा पुरावा असतो. आपल्याकडे सरकार कागद जपते. त्या कागदामागे मालकी आहे की नाही, ते घेणाऱ्याने शोधायचे. वकिलाची फी जन्मते ती या मोकळ्या जागेत.

ही फी टाळण्याची धडपडही जुनीच. मे 1875 मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्यांचे दस्त ग्राम-निबंधकासमोर करण्याची व्यवस्था केली आणि शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत सर्वसाधारणपणे वकिलांना मज्जाव केला. ज्यांचे नाव आज मंडईला आहे त्या जोतीराव फुल्यांनीही 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कोर्टकचेऱ्यांतल्या लुटीवर कोरडे ओढले आहेत. त्यांचा राग रास्त होता. पण न वाचता सही करणाऱ्याला फी वाचवून काय मिळते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मुंबईत या कामासाठी सॉलिसिटर नावाचा वेगळा वर्ग होता. हायकोर्टाच्या मूळ शाखेतला हा भेद 1976 च्या दुरुस्तीने कायद्यातून गेला, तरी मुंबईकर अजून ‘सॉलिसिटरकडून टायटल बघून घे’ असेच म्हणतो. पुण्यात हे काम नेहमी साध्या वकिलाचेच. तो तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घेतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, मालमत्ता पत्रक पाहतो. पूर्वी मोडी वाचणाऱ्याचे पैसे वेगळे पडत.

आमच्या व्यवहारात यातले काही झाले नाही. वाडा ज्यांनी स्वतः घेतला ते गृहस्थ 1965 साली वारले होते. मालमत्ता पत्रकावर दोन मुलगे, खरेदीखतावर दोन सह्या. पण 1956 च्या वारसा कायद्याने मुलीलाही तेवढाच वाटा होता आणि त्यांना एक मुलगी होती, लग्न होऊन सोलापूरला दिलेली. वारसा हा दस्त नसतो, त्यामुळे नोंदणी कचेरीच्या सूचीत ती बाई कुठेच नव्हती. भावांनी बाकीचा वाडाही विकून पैसे खर्चून टाकले होते. 1978 साली तिने वाटपाचा दावा लावला आणि आम्ही प्रतिवादी झालो.

सहा वर्षे तारखा चालल्या. तडजोडीत वडिलांनी तिला अकरा हजार रुपये दिले आणि मगच तिची सही मिळाली. सही करताना ती वडिलांना म्हणाली, “भाऊ, तुमच्यावर राग नाही. पण मला कोणी विचारलंच नाही हो.” वडील त्या वाक्याने जेवढे खचले तेवढे पैशांनी नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच गल्लीत, पाडून बांधलेल्या इमारतीत मी फ्लॅट घेतला. साठ लाखांवर सात टक्क्यांनी चार लाख वीस हजार मुद्रांक शुल्क आणि तीस हजार नोंदणी फी मी निमूटपणे भरली. बिल्डरच्या यादीत ‘लीगल चार्जेस’ही होते, तो वकील बिल्डरचा, पैसे माझे. म्हणून मी स्वतःच्या वकीलबाई वेगळ्या लावल्या. त्यांनी पंचवीस हजार सांगितले तेव्हा माझ्याही तोंडून “काही कमी?” असे गेलेच, रक्त मंडईचे.

त्यांनी मूळ वाडामालकांची वंशावळ मागवली. बिल्डरचा माणूस वैतागला. मालकांच्या तीन मुलांची नावे त्याने धडाधड सांगितली. बाईंनी पेन खाली न ठेवता विचारले, “आणि मुली?”