जुन्या माहितीचा दुभाषी

संगणकातील माहितीची प्रत काढून ठेवली की आपण निश्चिंत होतो. पण प्रत काढणारी आज्ञावलीच जुन्या माहितीची रचना विसरली तर?

बर्कले येथे १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून पोस्टग्रेस्क्यूएल हा मुक्त डेटाबेस घडला. त्याची प्रत ‘पीजी-डंप’ ही आज्ञावली काढते. नवी पीजी-डंप जुन्या डेटाबेसची प्रत काढते. जुनी मात्र नव्याची काढायला नकार देते. म्हणजे जुन्या आवृत्त्यांची ओळख नवीनेच ठेवायची. ही ओळख बरोबर आहे ना, हे तपासण्यासाठी जुना डेटाबेस आजच्या संगणकावर उभा करावा लागतो. २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीने ८.० च्या आधीच्या डेटाबेसांची साथ सोडली. २०२२ साली पंधराव्या आवृत्तीने ही मर्यादा ९.२ वर आणली. त्याआधीचे डेटाबेस नव्या संगणकांवर सहज उभे राहत नव्हते.

मग ९.१ मधील माहिती बुडाली का? नाही. चौदाव्या आवृत्तीच्या पीजी-डंपने तिची प्रत काढायची आणि ती नव्या डेटाबेसमध्ये भरायची. मुक्त आज्ञावलीची ही मधली पायरी कोणालाही जपून ठेवता येते. माहितीबरोबर ती वाचणारे साधनही जपायला हवे, ते यासाठीच.