कानावर पडेल ती भाषा

जनगणनेतील 'खानदेशी' या गटाची नोंद 2001 साली सुमारे 20 लाख 75 हजार होती. 2011 साली ती 18 लाख 60 हजारांवर आली. अहिराणी याच गटात मोजली जाते. मातृभाषा विचारल्यावर 'मराठी' सांगणारे अहिराणी भाषकही बरेच असल्याने या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. पण बोली घरातून कशी निघून जाते, हे आमच्या अंबडमध्ये रोज पाहता येते.

ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिला, खानदेशी मात्र 1907 च्या नवव्या खंडात भिल्ली बोलींशेजारी बसवली. अहिराणी मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद अजून चालतो. मुलाला त्याच्याशी कर्तव्य नसते. मराठी घरातले लहान मूल 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणते. हे रूप त्याला कोणी शिकवलेले नसते; 'बसलं', 'हसलं' ऐकून त्याने स्वतःच नियम काढलेला असतो. पुढे 'केलं' वारंवार ऐकून ते आपोआप सुधारते. अहिराणी घरातले मूल 'माले', 'तुले' ऐकून 'ले' हा प्रत्यय असाच उचलते. नियम मूल काढते. शब्द मात्र घराने पुरवावे लागतात.

केवळ कानाने केवढी भाषा कमावता येते, याचा दाखला खानदेशातच आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) निरक्षर होत्या. त्यांची लेवा बोलीतली गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली आणि साऱ्या महाराष्ट्राची झाली.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत धुळे, मालेगाव, बागलाणकडची कुटुंबे पोटासाठी आली. मी पाहिलेल्या अनेक घरांत आजी-आजोबा आपसांत अहिराणी बोलतात; नातवाकडे वळले की मराठी, नाहीतर हिंदी. नातवाला 'कथा चालना?' कळते, पण उत्तर तो मराठीत देतो. उद्या त्याच्या मुलांना ते कळणारही नाही.

इथे कोणी बोलीवर बंदी घातलेली नाही. शाळेत पोराला हसतील, या काळजीपोटी हे घडते. पण मूल दोन भाषा सहज पेलते. एकीसाठी दुसरी काढून घ्यावी लागत नाही. अहिराणीची संमेलने व्हावीत, कोश निघावेत. त्यांच्या आधी आजीने नातवाला अहिराणीत हाक मारावी, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत भाषा बदलू नये.