1989 चा रिकामा रकाना

फुटबॉलपटू मिओद्राग बेलोदेदिचच्या कारकिर्दीचा तक्ता समोर घेतला की नजर आधी पदकांवर जाते. स्टेआवा बुखारेस्टकडून 1984-85 पासून लीगची सलग चार विजेतेपदं, 1986 चा युरोपियन कप, मग रेड स्टार बेलग्रेडकडून 1991 चा युरोपियन कप. रोमानियासाठी 53 सामने, 5 गोल. मला मात्र अडकवलं ते 1989 ने. वय 24-25, म्हणजे बचावपटूच्या ऐन भराचं, आणि त्या वर्षी अधिकृत सामने जवळजवळ शून्य. राष्ट्रीय संघाच्या यादीत तर 1988 नंतर त्याचं नाव पुन्हा दिसतं ते थेट 1992 मध्ये. असा रकाना दिसला की क्रिकेटवर वाढलेली आपण माणसं लगेच दुखापत धरतो. इथे दुखापतीचा काही संबंध नाही.

सुरुवात नकाशापासून करावी लागते. नकाशा हाही एक कागदच. जन्म 20 मे 1964, गाव सोकोल, जिल्हा काराश-सेवेरिन. नेरा नदी डॅन्यूबला मिळते तिथलं, रोमानियाच्या अगदी नैर्ऋत्य टोकाचं हे गाव. पलीकडे तेव्हाचा युगोस्लाव्हिया, आजचा सर्बिया. या पट्ट्यात सर्बियन बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली, आणि बेलोदेदिच कुटुंब त्यांतलंच. त्यामुळे दोन देशांच्या कागदांत त्याचं आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. रोमानियन नोंदीत शेवटच्या ‘च’साठी ‘सी’ आणि ‘आय’ अशी दोन अक्षरं, तर बेलग्रेडच्या लॅटिन लिपीत एकटा ‘सी’ आणि त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ. देवनागरीत दोन्ही एकच होतात, पण मूळ कागद चाळणाऱ्याला हा फरक कामाचा आहे. आडनाव कसं लिहिलंय एवढ्यावरून कागद सरहद्दीच्या कुठल्या बाजूचा ते कळतं.

पहिला संघ डॅन्यूबकाठच्याच मोल्दोवा नोउआचा. गाव खाणीचं, म्हणून क्लबचं नाव मिनेरुल, म्हणजे खाणकामगार. तिथून राजधानीत लुचाफेरुलमध्ये आणि 1982 पासून स्टेआवात. स्टेआवा हा लष्कराचा क्लब, संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखालचा. पुढच्या खटल्याचं वजन समजायला हे लक्षात ठेवावं लागतं. मैदानावर त्याची जागा ‘लिबेरो’ची: बचावफळीच्या मागे मोकळा उभा राहणारा, दुसऱ्याच्या हातून निसटलेला चेंडू आवरणारा आणि तोच चेंडू पायात घेऊन शांतपणे पुढे निघणारा. चालीतल्या त्या डौलामुळे त्याला टोपणनाव पडलं ‘हरिणी’. बचावपटूंना सहसा भिंत, खडक, कसाई असली नावं चिकटतात. हे त्या जातीतलं नव्हे.

7 मे 1986. सेव्हिलच्या सांचेझ पिझ्हुआन मैदानावर युरोपियन कपची अंतिम लढत, समोर बार्सिलोना. सामना स्पेनमध्ये, प्रेक्षक जवळपास सगळे बार्सिलोनाचे. स्टेआवाच्या यादीत बेलोदेदिच मध्यबचावात बुम्बेस्कुच्या जोडीला. 120 मिनिटांत गोल शून्य. इतिहास इथून थेट पेनल्टींवर उडी मारतो, कारण गोलरक्षक हेल्मुथ दुकादमने तिथे बार्सिलोनाच्या चारही पेनल्टी अडवल्या. स्टेआवाच्या पहिल्या दोन, माझेआरु आणि बोलोनी यांच्या, बार्सिलोनाच्या गोलरक्षकानेही अडवल्याच होत्या. मग लाकातुश आणि बालिंत यांनी गोल केले आणि 2-0 वर सगळं मिटलं. पूर्व युरोपातल्या क्लबने हा कप जिंकण्याची ही पहिलीच वेळ. पेनल्टी मारणाऱ्यांत बेलोदेदिचचं नाव नाही. म्हणून त्या रात्रीच्या आठवणींतही ते फारसं येत नाही. पण बार्सिलोनाला दोन तास गोल करता आला नाही, याचं श्रेय एकट्या गोलरक्षकाच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. दुकादमला नायक होण्याची संधी मिळाली ती बचावफळीने सामना पेनल्टीपर्यंत ओढत नेला म्हणून.

यादीतलं आणखी एक नाव बाजूला काढून ठेवावं: अंगेल इओर्दानेस्कु. वय 36, खरं म्हणजे सहायक प्रशिक्षक, पण 72 व्या मिनिटाला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता तो रिकामा रकाना. डिसेंबर 1988 मध्ये बेलोदेदिच युगोस्लाव्हियात गेला आणि परतला नाही. लहानपणापासून आपण रेड स्टारचे चाहते होतो आणि बेलग्रेडमध्ये आपणच क्लबचं दार ठोठावलं, असं तो मुलाखतींत सांगत आला आहे. याला साक्षीइतकी किंमत द्यावी, दस्तऐवजाइतकी देऊ नये. माणूस स्वतःची गोष्ट सांगताना कडा घासून गुळगुळीत करतोच. बुखारेस्टची बाजू मात्र कोरड्या सरकारी भाषेत आहे: त्याच्या गैरहजेरीत खटला, आरोप देशद्रोहाचा, शिक्षा 10 वर्षं कैद. क्लब बदलल्याबद्दल एवढी शिक्षा ही आज अतिशयोक्ती वाटेल. पण क्लब लष्कराचा आणि देश हुकूमशहा चाउशेस्कुचा, हे दोन धागे एकत्र धरले की त्या न्यायालयाचं तर्कशास्त्र कळतं. पटत नाही, पण कळतं. फुटबॉलच्या कारभाऱ्यांनीही त्याच्यावर वर्षभराची बंदी घातली. रकाना रिकामा राहिला तो असा.

त्याच वर्षी त्याच्याविना काय झालं, तेही कागदावर आहे. 24 मे 1989 रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नाऊवर स्टेआवा पुन्हा युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचलं आणि मिलानकडून 4-0 हरलं. तो असता तर हरलं नसतं, असं मी म्हणणार नाही. खुलित आणि व्हान बास्टेन यांनी त्या दिवशी दोन-दोन गोल केले, त्यांना कुणी थांबवलं असतं असं वाटत नाही. मात्र रोमानियाचा सगळ्यात मुरलेला लिबेरो त्या रात्री बंदी भोगत बसला होता, एवढं नोंदवून ठेवायला हवं.

25 डिसेंबर 1989 ला चाउशेस्कुला गोळ्या घातल्या गेल्या. शिक्षा सुनावणारी राजवटच गेली, तिथे शिक्षेला काय अर्थ उरणार? तरी 1990 चा विश्वचषक त्याच्या हातून गेलाच. जेनोआत आयर्लंडविरुद्ध रोमानिया पेनल्टींवर बाहेर पडला तेव्हा तो संघात नव्हता.

29 मे 1991, इटलीतलं बारी. रेड स्टार विरुद्ध मार्सेय. सामना इतका रटाळ की त्याचं चित्रण सलग बघायला चिकाटी लागते. रेड स्टारने ठरवूनच चेंडू आणि पुढाकार दोन्ही मार्सेयला देऊन टाकले होते. पुन्हा 120 मिनिटं, पुन्हा 0-0. या वेळी मात्र पेनल्टीच्या यादीत त्याचं नाव आहे, तिसऱ्या क्रमांकावर. प्रोसिनेच्कीचा गोल, मार्सेयच्या अमोरोसची अडवली गेली, बिनिचचा गोल, कासोनीचा गोल, मग बेलोदेदिच: गोल. पुढे मिहायलोविच आणि शेवटी पांचेव, आणि निकाल 5-3. त्या संघात सर्ब होते, मॅसेडोनियन होते, माँटेनेग्रिन होते आणि सोकोलचा हा रोमानियन सर्ब. चार आठवड्यांत, 25 जूनला, क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. संघही फार काळ एकत्र राहिला नाही; 1992 मध्ये बेलोदेदिच वालेन्सियाला गेला.

दोन वेगवेगळ्या क्लबांकडून युरोपियन कप जिंकणारा पहिला खेळाडू, असं त्याच्याबद्दल सर्रास छापलं जातं. इथे थोडी दुरुस्ती हवी. गोलरक्षक जिमी रिमरच्या नावावर 1968 चं मँचेस्टर युनायटेडचं आणि 1982 चं ॲस्टन व्हिलाचं, अशी दोन पदकं आहेतच. पण 1968 ला तो राखीव म्हणून बाकावरच राहिला आणि 1982 ला दुखापतीमुळे नऊ मिनिटांत बाहेर आला. दोन्ही अंतिम सामने मैदानावर राहून जिंकणारा पहिला बेलोदेदिच, असं लिहावं. विधान थोडं लांबतं, पण खरं राहतं.

तिसरी यादी 10 जुलै 1994 ची, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डची. विश्वचषकाची उपउपांत्य फेरी, रोमानिया विरुद्ध स्वीडन. रोमानियाचा प्रशिक्षक: अंगेल इओर्दानेस्कु, तोच सेव्हिलचा 36 वर्षांचा बदली खेळाडू. आधीच्याच सामन्यात अर्जेंटिनाला 3-2 हरवलेलं, देश स्वप्न बघत होता. जादा वेळ धरून 2-2. पेनल्टींत स्वीडनची पहिलीच हुकली, म्हणजे रोमानिया पुढे. मग चौथ्या क्रमांकाला पेत्रेस्कुची स्वीडनचा गोलरक्षक रवेलीने अडवली. पाच-पाच झाल्यावर बरोबरी कायम, आणि एकेक पेनल्टीचा जीवघेणा खेळ सुरू. स्वीडनच्या हेन्रिक लार्सनने गोल केला. रोमानियाकडून सहावा: बेलोदेदिच. रवेलीने तीही अडवली. 5-4, स्वीडन उपांत्य फेरीत.

या एका पेनल्टीवरून त्याला ओळखणारे लोक बरेच आहेत. मला तो हिशोब अन्यायाचा वाटतो. पहिल्या पाचांत नाव नसताना सहाव्याला पुढे आला तो बचावपटू होता, आणि त्या उन्हात 120 मिनिटं धावून आला होता.

पुढचं झपाट्याने सांगता येतं. वायादोलिद, विलारेयाल, मेक्सिकोतला अटलांटे. युरो 1996 आणि युरो 2000 मध्ये रोमानियाच्या संघात तो होताच. आणि 1998 मध्ये तो परतला स्टेआवातच, ज्या क्लबला सोडल्याबद्दल 10 वर्षांची कैद सुनावली गेली होती. 2000-01 ची लीग स्टेआवाने जिंकली तेव्हा बेलोदेदिच 37 वर्षांचा झाला होता. खेळाडू म्हणून त्याचा तो शेवटचा हंगाम.